घसा दुखला की ‘क्लॅव्ह’ची गोळी? त्या सल्ल्यात काय चुकतं

‘घसा दुखून ताप आला आणि टॉन्सिलवर पांढरं दिसलं, की जिवाणूंचाच संसर्ग समजा. साधं अमॉक्सिसिलिन आता चालत नाही. क्लॅव्ह असलेली ६२५ची गोळी दुप्पट ताकदीची. तीन दिवसांत बरं वाटलं की थांबवा, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेला.’ हा सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. (अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक, आणि ‘क्लॅव्ह’ म्हणजे त्याला जोडलेलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड.) त्यातलं एकही वाक्य टिकत नाही.

१. पांढरं दिसलं म्हणजे जिवाणू
बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि काही विषाणूंमध्येही टॉन्सिल पांढरे पडतात. अमॉक्सिसिलिन ज्यात मोडतं ती पेनिसिलिन गटाची औषधं जिवाणूंची पेशीभित्तिका बांधली जाऊ देत नाहीत. विषाणूला ती भित्तिकाच नसते. तपासताना चार गोष्टी पाहतात : ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. यातली एखादीच असेल तर अँटिबायोटिक नको. तीन-चार असतील तर घशाचा स्वॅब घ्यावा. नाक वाहतंय, आवाज बसलाय, तर विषाणूच असण्याची शक्यता जास्त.

घसादुखी आणणाऱ्या एपस्टीन-बार नावाच्या विषाणूच्या तापात अमॉक्सिसिलिन दिलं, की अनेकदा अंगभर पुरळ उठतं. मग ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ अशी नोंद होते, आणि नसलेल्या ॲलर्जीपायी तो रुग्ण पुढे कित्येक वर्षं चांगल्या औषधाला मुकतो.

२. क्लॅव्ह म्हणजे दुप्पट ताकद
६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. हे दुसरं औषध स्वतः जिवाणू फारसे मारत नाही. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर सोडून अमॉक्सिसिलिन तोडतात. क्लॅव्ह त्या विकराला अडकवून ठेवतं, एवढंच त्याचं काम. घशाचा नेहमीचा जिवाणू, गट ‘अ’ स्ट्रेप्टोकोकस, हे विकर बनवतच नाही. पेनिसिलिनला दाद न देणारा या जातीचा जिवाणू रुग्णांमध्ये आजवर आढळलेला नाही. म्हणजे इथे ‘जुनं’ औषधच नेमकं आहे. क्लॅव्हमुळे वाढतात ते जुलाब, आणि क्वचित कावीळ, तीही कधी औषध संपल्यावर काही आठवड्यांनी.

प्राणी चावल्याच्या जखमेत क्लॅव्ह हवंच. उलट एमआरएसए, म्हणजे पेनिसिलिन गटाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूपुढे ते कुचकामी, कारण तिथे औषध जिथे चिकटतं ते प्रथिनच बदललेलं असतं. आणि ३७५च्या दोन गोळ्या म्हणजे एक ६२५ नव्हे : अमॉक्सिसिलिन तेवढंच, पण क्लॅव्ह १२५च्या जागी २५०.

३. तीन दिवसांत थांबवा
घसा तीन-चार दिवसांत तसाही निवळू लागतो. स्ट्रेप्टोकोकससाठी १० दिवस द्यायचे, कारण त्याचा घशातून पुरता नायनाट व्हावा आणि ऱ्हुमॅटिक ताप टळावा. हा ताप प्रामुख्याने ५ ते १५ वर्षांच्या मुलांना येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करू शकतो. नेहमीचा डोस : दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, दिवसातून एकदा, कमाल १००० मिलिग्रॅम. १६ किलोच्या मुलाला ८००. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध चालू झालं तरी ऱ्हुमॅटिक ताप टळतो. स्वॅबच्या अहवालासाठी एक-दोन दिवस थांबायला हरकत नाही.

सगळीच अँटिबायोटिक्स १० दिवस घ्यायची असतात, हेही खरं नाही. प्रौढांच्या साध्या न्यूमोनियात सुधारणा होत असेल तर ५ दिवस पुरतात. किती दिवस, हे आजार ठरवतो.

४. उरलेलं पुढच्या वेळेला
उरलेल्या चार गोळ्यांत कुठलाच उपचार पूर्ण होत नाही, आणि स्वॅबआधी घेतल्या तर जिवाणू असूनही अहवालात दिसेनासा होऊ शकतो. पाणी घालून तयार केलेलं क्लॅव्हचं सिरप फ्रिजमध्ये ७ दिवसच टिकतं.

तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, घशाची एकच बाजू सुजली आहे किंवा श्वास घेताना आवाज येतोय, अशा वेळी घरातली कुठलीच गोळी न शोधता थेट रुग्णालय गाठावं : टॉन्सिलशेजारी पू झाला असेल तर तो काढावाच लागतो.