‘सगळे फोटो धूसर’ या रिव्ह्यूला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार ताई,

आईंच्या साठीनिमित्त काढलेले पैठणीतले फोटो धूसर आलेत, फोकस चुकलाय, पदरावरचे मोर नीट दिसत नाहीत, सुरकुत्या पुसून आईंची बाहुली केलीय आणि ‘ओरिजिनल क्लिअर फोटो’ आम्ही दडवून ठेवलेत, असं तुम्ही लिहिलंय. इतर लोकही वाचतात, म्हणून इथेच उत्तर देते.

फोकस चुकलेला नाही, हे फोटो मुद्दाम ‘सॉफ्ट फोकस’ प्रकारात काढलेत. आईंचा कुठलाही क्लोजअप मोठा करून डोळ्यांपाशी बघा, पापणीचे केस सुटे दिसतील. फोकस चुकला की कडाच हरवतात. सॉफ्ट फोकसमध्ये कड जागेवर राहते, तिच्यावर उजेडाची साय धरते. लेन्सपुढे आम्ही मिस्ट फिल्टर लावतो. जरीवरचा आणि नथीच्या मोत्यांवरचा उजेड तो शेजारच्या गडद भागावर थोडा सांडतो. नाशिकच्या गोदाघाटावरच्या नारोशंकराच्या देवळाचा काळा दगड मागे घेतला तो त्यासाठीच; पांढऱ्या भिंतीपुढे ही झळाळी जवळजवळ दिसतच नाही. पूर्वी फोटोग्राफर लेन्सवर नायलॉनचा मोजा ताणायचे, नाहीतर काचेवर व्हॅसलीनचं बोट फिरवायचे. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये असे मऊ पोर्ट्रेट काढायच्या, त्यांनाही ‘फोकस जमत नाही’ हेच ऐकावं लागलं. तेव्हा स्टार द्यायची सोय नव्हती, एवढंच.

हा मऊपणा फोटो काढतानाच त्यात उतरतो. त्यामुळे दडवून ठेवावी अशी वेगळी क्लिअर फाइल नसतेच. कॉम्प्युटरवर ओढूनताणून शार्प करता येईल, पण पैठणीची जरी खरखरीत दिसेल. असलं काम माझ्या स्टुडिओच्या नावानं मी बाहेर देणार नाही.

सुरकुत्या पुसलेल्या नाहीत, त्या फक्त कमी उठून दिसतात. रंगही आहे तोच ठेवलाय. ‘जरा गोरं करून द्या’ म्हणणारे लग्नसराईत रोज येतात, त्यांनाही आम्ही नाहीच म्हणतो.

आता मोर. पैठणी येवल्याची, हातमागावरची, आणि आईंना तिचं केवढं कौतुक! पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, हे त्यांनीच आम्हाला हौसेनं दाखवलं. म्हणून पदराचे दोन्ही बाजूंचे फोटो मुद्दाम फिल्टर काढून घेतले. पेनड्राइव्हमध्ये ‘पदर’ नावाचं फोल्डर आहे, ते बहुधा तुम्ही उघडलेलं नाही.

रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलाय तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट आहे. तिथे फाइल आक्रसते, आणि अशा फोटोतल्या हलक्या छटा आधी जातात. बारा बाय अठराची मॅट प्रिंट घरी आलीय, ती खिडकीपाशी धरून बघा.

हा सॉफ्ट फोकसचा प्रकार आईंनी स्वतः नमुन्याचे अल्बम चाळून निवडला होता, बुकिंगच्या पावतीवर तसं लिहिलंय. तुम्ही तेव्हा सोबत नव्हता, म्हणून हे सांगतेय. तुमची आवड वेगळी असू शकते, त्याला माझी काहीच हरकत नाही. क्लिअरच हवे असतील तर आईंना तीच पैठणी नेसवून कॉलेज रोडच्या स्टुडिओत घेऊन या, फिल्टरशिवाय चार-पाच पोर्ट्रेट पैसे न घेता काढून देईन. घाटावर पुन्हा जायचं असेल तर मात्र आउटडोअरचे पैसे पडतील. येण्याआधी फोन करा, सोमवारी स्टुडिओ बंद असतो.