देवगडला चालतंय ना, मग झालं!

एकच सॉफ्टवेअर देवगडच्या आंबा बागायतदाराला, तारकर्लीच्या होमस्टेला आणि हर्णै बंदरावरच्या मासळीच्या व्यापाऱ्याला विकायचं, ज्याला जी फीचर्स हवीत ती चालू करायची, बाकीची बंद. कल्पना झकास आहे तुमची. हिला प्रॉडक्ट लाइन म्हणा, दर जरा वाढवून सांगता येतो. फक्त टेस्टिंगचा विषय निघाला की चहा मागवा.

कुणी हिशोब मांडलाच तर घाबरू नका. चालू-बंद करता येणारी २० फीचर्स म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळी उत्पादनं. ३३ झाली की आकडा जगाच्या लोकसंख्येपुढे जातो. हा आकडा पाठच करून ठेवा. सगळं तपासणं अशक्य आहे हे त्यातून सिद्ध होतं, आणि मग काहीच न तपासणं ओघानंच आलं.

एखादा शहाणा मध्येच पेअरवाइजचं नाव काढेल. कुठलीही दोन फीचर्स घ्या, त्यांच्या चालू-बंदच्या चारही जोड्या कुठे ना कुठे येतील असे मोजके नमुने निवडायचे. फीचर्सना आपसात अटी नसतील तर २० फीचर्सना अवघे ८ नमुने पुरतात. हे गिऱ्हाइकाच्या कानावर जाता कामा नये. दहा लाखांची सबब हाताशी असताना आठाचं काम कोण अंगावर घेईल?

आता अटींचं. कुठलं फीचर कुणावाचून चालत नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे झाडासारखं मांडून ठेवायची पद्धत क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी १९९० सालीच सांगितली, तिला फीचर मॉडेल म्हणतात. तुम्ही ते झाड एकाच पोराच्या डोक्यात लावा. त्याला पुण्यात नोकरी लागली की झाडही गेलं.

एकेक फीचर सुटंसुटं मात्र जरूर तपासा, मनाला बरं वाटतं. ‘पेटीमागे ३०० रुपये सूट’ तपासलं, पास. ‘सुटी विक्री’ तपासलं, पास. मग मेअखेरीस, डझन ४०० वर आलेला असताना, कुणी अर्धा डझन आंबे घेतले. सॉफ्टवेअरनं तीही पेटीच धरली आणि बिल आलं उणे १००. बागायतदार फोनवर विचारतो, “आंबे पण मियाच देवचे आनि पैसे पण मियाच?” त्याला शांतपणे सांगा, दोन्ही फीचर्स पास आहेत.

पेअरवाइज करणाऱ्यांची जिरवायला तारकर्लीचं उदाहरण हाताशी ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद, म्हणून ‘पावसाळी मेनू’ सुरमई-पापलेटच्या थाळ्या लपवतो. ‘फक्त मासे’ शाकाहारी थाळी लपवतो. ‘जेवणासह बुकिंग’ थाळी निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. कुठलीही दोन चालू असली तर बुकिंग होतं, तिन्ही जमली की थाळ्यांची यादी कोरी आणि पाहुणा त्याच पानावर अडकलेला. पाहा, जोड्या तपासून काय मिळालं? तिघा-तिघांचे गट तपासायचा पर्याय आहे, पण तो सुचवू नका. रिचर्ड कुन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रत्यक्षातले बिघाड तपासले तेव्हा एकालाही सहाहून जास्त घटक एकत्र यावे लागले नव्हते. म्हणजे या कामाला कुठेतरी अंत आहे. ही बातमी ऑफिसात फुटली तर सबबच संपेल.

शेवटी दुरुस्त्या. बदल कुठल्या फीचरला शिवला ते बघून तेवढ्याच चाचण्या परत चालवणं, सामाईक भागाच्या चाचण्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवणं, असली चिकट कामं करत बसू नका. बागायतदाराचं बिल सरळ करा आणि नवी आवृत्ती शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना एकदम पाठवा. सोमवारी हर्णैवाल्याचा फोन येईल, पापलेटचं वजन डझनात दिसतंय म्हणून. त्याला सांगा, देवगडला तर व्यवस्थित चालतंय.