तात्पुरतं बिऱ्हाड

माझ्या मेक्सिकोच्या कार्डावर 'रेसिदेन्ते तेम्पोराल' असं छापलंय. तात्पुरती रहिवासी. नवऱ्याच्या प्लँटच्या कामासाठी आम्ही इथल्या केरेतारो शहरात आलो आणि पहिलं वर्षभर मी त्या शब्दाबरहुकूम जगले. बॅगा पलंगाखाली अर्ध्या भरलेल्या, भिंतीला एक खिळा नाही, पुण्याहून आणलेला गोडा मसाला पुरवून पुरवून वापरायचा. "दोनच वर्षं काढायचीत," हे मी इतक्यांदा म्हटलं की लेकही तेच म्हणायला लागली.

कंपनीने नवऱ्याला स्पॅनिशचा शिक्षक दिला, मला नाही. माझ्या कार्डावर नोकरीची परवानगी नाही, मग हिला भाषा कशाला, असा हिशोब. पण त्याचं ऑफिसात इंग्रजीवर भागतं! वीस लिटरचा पाण्याचा जार घेऊन दारात येणारा माणूस, गल्लीतून ओरडत जाणारा गॅसवाला, शाळेच्या फाटकावर काहीतरी महत्त्वाचं सांगणाऱ्या बाई, हे सगळे माझ्या वाट्याला. मग दुभाषी कोण? नऊ वर्षांची लेक. सहा महिन्यांत ती इथल्या पोरींसारखी बोलायला लागली आणि आम्हाला त्याचं कोण कौतुक! दर सोमवारी शाळेत झेंड्याला सलामी असते. छातीशी हात आडवा धरून ती इथलं राष्ट्रगीत म्हणते. मला त्यातलं अक्षरही कळायचं नाही.

मग एकदा माझी पाळी थांबेचना. इथे औषधांच्या दुकानाला लागूनच डॉक्टर बसतात, थोडक्या पैशांत तपासतात. नवरा प्लँटवर, म्हणून लेकीला घेऊन गेले. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. लेक माझ्याकडे वळली, "आई, काय सांगू?" माझी जीभ रेटेना. फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप होतं, पण भाजीवाल्यापुढे ते काढणं वेगळं. तिच्या डोळ्यांदेखत तिथे मला काही सुचलंच नाही. म्हटलं, "सांग, पोट दुखतंय." पोटदुखीच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

त्या रात्री मी वही काढली.

शिकायला लागल्यावर जे कळलं ते मराठी माणसांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकू नका. मराठीतून शिका. आपल्याला 'त' आणि 'द' आयते येतात. वस्तूंना लिंग असतं याचं नवल वाटत नाही. 'तू' आणि 'उस्तेद' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. आणि 'मे गुस्ता' म्हणजे शब्दशः 'मला आवडतं'. इंग्रजीत आवडण्याचं काम माणूस करतो, इथे आणि आपल्याकडे ती वस्तूच आपल्याला आवडते. 'मे दुएले', मला दुखतंय. हे दोन शब्द मला त्या दुपारी हवे होते.

भाषा आली तसा शनिवारचा बाजार उघडला. त्याला 'तिआंगीस' म्हणतात, शब्द जुन्या नाहुआत्ल भाषेतला. भाजीवाली माझ्यासारख्या सावळ्या बाईलाही 'ग्वेरिता', म्हणजे 'गोरटेली' म्हणून हाक मारते. ज्याच्या सरबताला 'खामाइका' म्हणतात ती वाळलेली लाल बोंडं हातात घेतली तर आपली अंबाडी निघाली. तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, किलोवर मिळतात, घरून फडकं न्यायचं. दुकानातल्या मावशींनी दाखवलं की मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग धुऊन दळतात. त्याने साल सुटतं, पीठ मळलं जातं आणि मक्यातलं सत्त्व अंगी लागतं. वर्षभर मी गव्हाचं पीठ शोधत शहर पालथं घातलं होतं, आणि हे दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर!

मक्यावरून वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवतात. परदेशातल्या भारतीयांनी स्वातंत्र्यासाठी उभारलेल्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, देश सोडावा लागलेले, पुढे मेक्सिकोत आलेले. इथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. इथला नामवंत चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. तेही इथे कायमचं राहायला आले नव्हते. त्यांचं मन हिंदुस्थानाच्या स्वातंत्र्यात होतं, तरी त्यांनी इथल्या मातीत हात घातला.

म्हणून माझं ठाम मत आहे. कुटुंबाला परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांनी भाषेचा वर्ग आधी घर सांभाळणाऱ्या माणसाला द्यावा. आणि बायांनो, ऑफर लेटरवर सही होण्याआधी हे भांडून मागून घ्या. नंतर कोणी देत नाही. पोरांना दुभाषी करू नका. त्यांना भाषा लवकर येते हे खरं, पण घरातलं सगळंच त्यांच्या तोंडून जाण्यासारखं नसतं.

मागच्या महिन्यात त्याच डॉक्टरांकडे एकटी गेले. वाक्यं वहीत लिहून नेली होती. तिसऱ्या वाक्यानंतर वही पर्समध्ये ठेवली. त्यांनी नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले, रक्ताची तपासणी लिहून दिली. लेक तेव्हा शाळेत होती.