नाताळच्या सुट्टीने गुलामगिरी सौम्य ठरत नाही

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील गुलामगिरीविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. नाताळात गुलामांना आठवडाभर सुट्टी, मेजवानी आणि भेटवस्तू मिळत, दूरचे नातलग एकत्र येत आणि मालक सहसा कुटुंबे मोडत नसत. तेव्हा ही व्यवस्था सांगितली जाते तितकी क्रूर नव्हती, असा त्याचा आशय असतो. त्यात थोडे तथ्य आहे म्हणूनच तो पटतो, आणि म्हणूनच त्यातील एकेक विधान तपासायला हवे.

सुट्टी मिळत असे, हे खरे आहे. मेरीलँडमध्ये गुलामगिरीत वाढलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात नाताळ ते नववर्ष या दिवसांविषयी सविस्तर लिहिले आहे. परंतु बंडाची ऊर्मी जिरवण्याचे मालकांच्या हातातील सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे ही सुट्टी, असे त्यांचे स्पष्ट मत होते. न झिंगता सर्वांत जास्त दारू कोण रिचवतो यावर मालक पैजा लावत, आणि जो गुलाम या दिवसांत स्वतःसाठी चार पैसे मिळवायला काम करी, तो त्यांच्या मनातून उतरे.

भेटवस्तूंविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अनेक मळ्यांवर हिवाळ्याचे कपडे आणि बूट याच सुमारास वाटले जात; म्हणजे जे वर्षाच्या राबणुकीसाठी मालकाला द्यावेच लागे, तेच भेट म्हणून हाती ठेवले जाई.

नातलग एकत्र येत, या विधानाने तर दाव्याचाच पाया ढासळतो, कारण मुळात ते वेगळे झालेले होते. पती एका मळ्यावर आणि पत्नी दुसऱ्या मळ्यावर, ही स्थिती सर्रास होती. त्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती आणि मालकाच्या लेखी परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. डग्लस यांना तान्हेपणीच आईपासून दूर केले गेले. दिवसभर शेतात राबून रात्री सुमारे १२ मैल चालत ती त्यांना भेटायला येई, आणि अशा भेटी तिच्या हयातीत चार-पाचच झाल्या.

याहून महत्त्वाची गोष्ट दावा करणारे सांगतच नाहीत. गुलाम भाड्याने देण्याचे करार सामान्यतः १ जानेवारीपासून नाताळापर्यंतचे असत, त्यामुळे नाताळातील पुष्कळशा भेटी या दोन करारांमधल्या अवकाशात घडत. वर्षअखेरीस मालकांची देणी चुकती करायची असत, मृत मालकाच्या मालमत्तेची वाटणी व्हायची असे, आणि या दोन्ही हिशेबांत माणसे हीच सर्वांत सहज विकली जाणारी मत्ता होती. नॉर्थ कॅरोलिनातील ईडन्टन गावी गुलामगिरी भोगलेल्या हॅरिएट जेकब्स यांनी १८६१ साली लिहिले की, भाड्याचा दिवस तोंडावर आलेला नसता तर नाताळ गुलामांसाठी आनंदाचा ठरला असता. सात मुलांना लिलावाला घेऊन आलेल्या एका आईविषयी त्यांनी सांगितले आहे. काही मुले जातील हे तिला ठाऊक होते, पण सातही गेली. त्या आठवड्यातील जेवणावळीकडे पाहताना १ जानेवारीची ही धास्ती वगळणे मला अक्षम्य वाटते.

गुलाम इतके दुःखी होते तर सुट्टीत पळून का गेले नाहीत, असाही प्रश्न विचारला जातो. ते पळून गेले. १८४८च्या डिसेंबरात जॉर्जियातील मेकन येथील एलन आणि विल्यम क्राफ्ट या दांपत्याने सुट्टीचा परवाना मिळवला. गोऱ्या वर्णाच्या एलनने पुरुषवेषात आजारी तरुण जमीनदाराचे सोंग घेतले, विल्यम तिचा नोकर झाला, आणि नाताळच्या दिवशी दोघे फिलाडेल्फियाला पोहोचले. १८५४च्या नाताळात, स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांनी आपल्या तीन भावांना मेरीलँडमधून सोडवले, कारण सणानंतर लगेच त्यांची विक्री ठरली होती. वृद्ध वडिलांनी त्यांना निरोप देताना डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली, म्हणजे चौकशी झाली तर आपण मुलांना पाहिले नाही असे त्यांना खरेपणाने सांगता आले असते.

कुटुंबे मोडत नसत, हे शेवटचे विधान सरळ असत्य आहे. १८०८पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी आली, कापसाची लागवड मात्र पसरत गेली, आणि यादवी युद्धापर्यंत (१८६१-६५) सुमारे १० लाख माणसे व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या राज्यांतून आणखी दक्षिणेकडील कापूस पिकवणाऱ्या राज्यांत नेली गेली. त्यांतील बहुतेकांची विक्री झाली होती. कुटुंबासह विक्री हीदेखील फसवी सवलत होती. मार्च १८५९मध्ये जॉर्जियातील सव्हाना शहराजवळ मळेमालक पियर्स बटलर यांच्या कर्जफेडीसाठी ४३६ जणांचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा कुटुंब म्हणजे पतिपत्नी आणि फार तर त्यांची मुले एवढेच धरले गेले; वृद्ध आईबाप आणि मोठी भावंडे त्यात मोजली गेली नाहीत. युद्ध संपल्यावर मुक्त झालेले लोक आई, मुले आणि भावंडे यांच्या शोधासाठी कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत जाहिराती देऊ लागले. शेवटच्या मालकाचे नाव, विक्रीचे ठिकाण आणि मुलाचे तेव्हाचे वय एवढ्याच खुणा त्यांच्यापाशी असत, आणि अशा जाहिराती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत छापल्या जात होत्या.