पोळीभाजी केंद्राच्या मालकिणीस धोरणविषयक सूचना

घरातून डबे देता, पहाटे चारला उठून दीडशे पोळ्या लाटता, तेलाचा डबा कितीने चढला हे बातम्यांच्या आधी तुम्हाला कळतं. आणि आता तुमच्या मनात आलं आहे की देशाच्या आर्थिक धोरणाबद्दल आपणही दोन शब्द बोलावेत. हरकत नाही, लोकशाही आहे. फक्त बोलण्याआधी थोडी तयारी लागते. ती न करता बोलायला उभं राहिलं की काय होतं, ते पुढे येईलच.

आधी आपण अर्थव्यवस्थेत आहोत की नाही, याची खात्री करून घ्या. बँकेतल्या साहेबांच्या डब्यात गेलेली तुमची पोळी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. त्याच परातीतली, त्याच तव्यावरची पुढची पोळी नवऱ्याच्या पानात पडली की ती हिशेबातून बाद. घरच्यांसाठी रांधलेलं जीडीपीत धरायचं नाही, असा जगभरच्या हिशेबनीसांचा दंडक आहे. सरकारने वेळेची पाहणी मात्र मनापासून केली. २०२४ च्या पाहणीत असं निघालं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८. मिनिटं मोजून झाली, रुपये लावायचे राहिले.

यावर एक तोडगा आहे. समोरच्या वहिनींशी करार करा. त्यांच्या घरचा स्वयंपाक तुम्ही करायचा, तुमच्या घरचा त्यांनी, आणि महिनाअखेर एकमेकींना सारख्याच रकमेचं बिल द्यायचं. कोणाच्या हाती एक रुपया जास्त येणार नाही, आमटी थोडी बिघडेल, पण विकासदर वर जाईल. नवरा कुरकुरला तर सांगा, देशासाठी आहे.

मग आपला आकार बघा. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योग म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. तुम्ही, तुमचा एक मिक्सर आणि वर्षाला नऊ कोटींचं फरसाण विकणारा कारखानदार, सगळे एकाच पंगतीला. तेव्हा ‘सूक्ष्म उद्योजकांशी सविस्तर चर्चा’ अशी बातमी आली की ती तुमच्याशीच झाली असं धरून चालायचं. तुम्ही त्या वेळी भाजी निवडत होतात, हा तपशील झाला.

सरकारला स्वयंपाकातलं कळत नाही, असं तर चुकूनही म्हणू नका. २०१९-२० च्या आर्थिक पाहणीत एक आख्खं प्रकरण थाळीवर आहे. त्याला ‘थालीनॉमिक्स’ असं नाव आहे. थाळीचे भाव आवरल्याने, रोज दोन शाकाहारी थाळ्या जेवणाऱ्या पाच माणसांच्या कुटुंबाचा वर्षाला सरासरी १०,८८७ रुपयांचा फायदा झाला, असं तिथे छापलं आहे. आता तुम्ही विचाराल, आमचे १०,८८७ कुठे गेले? नीट शोधा. डाळीच्या डब्याखाली, पासबुकाच्या मागच्या पानात, सासूबाईंच्या कपाटात. सापडले नाहीत तर दोष तुमच्या शोधण्याचा आहे. सरासरीत ते आहेतच.

महागाईबद्दल बोलायचं असेल तर जरा जपून. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने असा विचार मांडला की महागाईचं लक्ष्य ठरवताना खाद्यपदार्थ वगळून बघावं. कांदा-टोमॅटोचे भाव पुरवठ्यामुळे उसळतात आणि व्याजदर वाढवून टोमॅटो लवकर पिकत नाहीत, हा त्यामागचा तर्क. खरं सांगायचं तर तर्क अगदीच टाकाऊ नाही. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या गव्हर्नरांना तो पटला नाही, कारण त्या वेळच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास होता; जवळजवळ अर्धं पान उचलून बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यावर जेवण झालं म्हणायचं. पण गव्हर्नरांचं सोडा. तुम्हाला यात धंद्याची युक्ती दिसायला हवी. डब्यामागे दहा रुपये वाढवाल त्या दिवशी गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा, “खाद्यपदार्थ वगळता आमच्या डब्याचा दर स्थिर आहे.”

कांद्यावर तर बोलूच नका. २०१९ च्या डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला असताना लोकसभेत एका सदस्याने मध्येच प्रश्न टाकला आणि अर्थमंत्र्यांनी सांगितलं की आपण कांदा-लसूण फारसा खात नाही. विषय संपला. चार वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टात, निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली. लासलगावात शेतकऱ्याचा भाव पडला, तर तो तुमच्यासाठी पाडला असं त्याला सांगितलं गेलं. तुम्ही महाग घेत होतात तेव्हा ते त्याच्यासाठी होतं. दोघांनी एकमेकांकडे बघत बसावं म्हणजे तिसरीकडे बघायला वेळ उरत नाही.

आता मुख्य मुद्दा: प्रत्यक्ष सभेत तोंड कसं उघडावं. यासाठी कोईम्बतूरचा धडा पाठ करा. सप्टेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री तिथल्या व्यापारी-उद्योजकांना भेटल्या. एका मोठ्या हॉटेलसाखळीचे मालक उठले. नुसत्या बनवर जीएसटी शून्य, आत क्रीम भरलं की १८ टक्के. गिऱ्हाईक म्हणतं, बन आणा आणि क्रीम वेगळं आणा, मी माझं भरून घेतो. मिठाईला एक दर, तिखटाला दुसरा, बिल करता करता संगणक गोंधळतो, असं त्यांनी सांगितलं. सभागृह हसलं. चित्रफीत देशभर फिरली आणि लोक घरोघरी हसले.

दुसऱ्याच दिवशी दुसरी चित्रफीत आली. तेच गृहस्थ, बंद खोलीत, अर्थमंत्र्यांची माफी मागताना. त्यांनी आकडा चुकीचा सांगितला होता का? नाही. शिवी दिली होती का? तीही नाही. ओरड झाल्यावर ती खासगी भेट बाहेर आल्याबद्दल मंत्र्यांच्याच पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनी माफी मागितली. म्हणजे कर क्रीमवर आणि माफी दोन्हीकडून. बनचा दर दोन्ही माफ्यांनंतर तोच होता.

यातून तुम्ही काय घ्यायचं? तक्रार कंटाळवाणी हवी. कंटाळवाण्या तक्रारीला फाईल मिळते, हसवणाऱ्या तक्रारीला बोलावणं येतं. तुमच्या बोलण्यात एखादं चांगलं वाक्य आलंच, तर घरी आरशासमोर म्हणून बघा आणि हसू आलं की खोडून टाका. ‘गिऱ्हाईक क्रीम वेगळं मागतं’ असं म्हणायचं नाही. ‘वर्गीकरणविषयक संदिग्धतेमुळे अनुपालनात अडचणी संभवतात’ असं म्हणायचं. हे ऐकून कुणी हसल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

अवघड आहे, मान्य. विषयच असे आहेत की गंभीर चेहरा टिकत नाही. पोळी आणि पराठा एकच नव्हेत, असा निर्णय २०२० मध्ये कर्नाटकातल्या जीएसटी प्राधिकरणाने दिला, कारण गोठवलेला पराठा खाण्याआधी गरम करावा लागतो. म्हणून पोळीला ५ टक्के, पराठ्याला १८. २०२१ मध्ये अशी आवई उठली की गोल पापडाला कर नाही आणि चौकोनी पापडाला आहे. तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला जाहीर खुलासा करावा लागला की पापड कुठल्याही नावाने ओळखला जावो, त्याला जीएसटी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद बसली आणि खारे पॉपकॉर्न सुटे असतील तर ५, पाकीटबंद असतील तर १२, आणि कॅरॅमलचे असतील तर १८ टक्के असा उलगडा झाला. परिषदेत केंद्राचे मंत्री असतात, राज्यांचे मंत्री असतात. पॉपकॉर्न फोडणारं कुणी नसतं, ते एक बरं. नाहीतर हसू आवरलं नसतं.

आणि उगाच खोटं कशाला बोला, आवाज पोहोचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पोळी आणि पराठा दोघांनाही जीएसटी शून्य झाला. कर सुरू झाला होता १ जुलै २०१७ ला. पराठा ही पोळीचीच बहीण आहे, हे पटायला आठ वर्षं लागली. तुमच्या आत्याबाईंना एका घासात पटलं असतं, पण त्यांना परिषदेत मत नाही.

सिलिंडरचा प्रश्न मात्र सभेत काढू नका. घरगुती १४.२ किलोचा, त्यावर ५ टक्के. धंद्याचा १९ किलोचा, त्यावर १८ टक्के. घरचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा सकाळी सात वाजता मुलीच्या डब्याची भाजी घरच्या गॅसवर टाका. ती खाली उतरवली की शेगडीची नळी काढून १९ किलोच्या सिलिंडरला लावा आणि सव्वासातला गिऱ्हाइकाची भाजी टाका. मुलगी म्हणाली ‘आई, अजून थोडी भाजी दे’, तर पुन्हा नळी बदला. ज्योत निळीच दिसेल, पण कायद्याला फरक कळतो.

उधारीचंही तसंच. ज्या कंपनीला तुम्ही रोज पन्नास डबे पोचवता, तिने फार तर ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत असा कायदा २००६ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशीही तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत, तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा मिळायचा नाही. किती चांगली तरतूद! इतकी चांगली की व्यापाऱ्यांच्या संघटनाच म्हणू लागल्या, कंपन्या आता सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणी नसलेल्यांकडून माल घेतील. म्हणून सल्ला असा: ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी जरूर करा, प्रमाणपत्र चौकटीत लावा, आणि कंपनीचा माणूस आला की प्रमाणपत्रावर देवाचं कॅलेंडर टांगा.

जुन्या बायकांचं उदाहरण कुणी देईल, त्याने बहकू नका. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या होत्या. गिरणी कामगार महिनाभर उधारीवर जेवायचे आणि या बायका किराण्यासाठी सावकाराच्या दारात उभ्या राहायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. राष्ट्रीयीकृत बँका गरिबांसाठी आहेत ना, मग आम्हाला कर्ज द्या, असं म्हणत त्या थेट बँकेत गेल्या. तारणाला दागिना नाही, कागद नाही, एकमेकींची हमी एवढंच. बँकेने कर्ज दिलं आणि बायकांनी ते फेडलं. फार वाईट पायंडा. धोरण वाचून त्याप्रमाणे मागणी करायला गटाने जाणं, तेही ना भाषण ना निवेदन. आज असं करू नका. आज पोर्टल आहे.

पोर्टलवर सूचना पाठवा. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं २०१४ चं धोरण आहे. मसुदा बहुधा इंग्रजीत असतो, तीस दिवस तेवढ्यासाठीच दिलेत. अर्थसंकल्पासाठीही सूचना मागवतात. त्या कधी पाठवायच्या ते वासावरून ओळखा: अर्थ मंत्रालयात मोठ्या कढईत हलवा होतो, अर्थमंत्री स्वतः झारा फिरवतात आणि वाढतात. त्यानंतर अर्थसंकल्पाच्या कामावरची माणसं आत कोंडली जातात. हलव्याचा फोटो छापून आला की तुमची सूचना उशिरा आली असं समजा. तुपाचं प्रमाण चुकलेलं दिसलं तरी गप्प राहा.

निवेदनाचा नमुना खाली देतो आहे. तीन प्रती काढा.

“मा. महोदया, आम्ही सध्याच्या धोरणाबद्दल अत्यंत समाधानी आहोत. याहून सोपी करप्रणाली आमच्या कल्पनेत बसत नाही. तथापि, (येथे तक्रार लिहावी, एका ओळीत न मावल्यास लिहू नये). वरील मजकुरात कोठेही विनोद आढळल्यास तो अनवधानाने झाला असे समजावे. सोबत: माफीपत्र, स्वाक्षरीसह, तारीख कोरी.”