३५ मिनिटं, एका मंत्रासाठी

काल सगळे गेल्यावर कपबश्या उचलताना माझे हात थरथरत होते, इतका राग आला होता. अजून उतरलेला नाही.

आम्ही सहा जण दर दुसऱ्या रविवारी फोंड्याला आमच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट बोलून पुढे न्यायची आणि जमलं की हुकलं ते फाशाने ठरवायचं. डीएम मी, म्हणजे गोष्ट चालवणारी, शत्रूंच्या वतीने खेळणारी आणि नियमांचा निकाल देणारी. एक जण म्हापशाहून येतो, दोघं पणजीहून कदंबाने येतात आणि त्यांना परतीची बस गाठायची असते. पावसात वीज गेली तेव्हा मेणबत्त्या लावून खेळलोय, पण खेळ चुकवला नाही. चार तास मिळतात. त्यातली ३५ मिनिटं काल एका माणसाने हुज्जत घालण्यात घालवली.

कशावरून? काउंटरस्पेल, म्हणजे समोरच्याचा मंत्र रद्द करणारा मंत्र. त्याच्या जादूगाराने फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा तिसऱ्या पातळीचा मंत्र, टाकला, माझ्या चेटकिणीने तो काउंटरस्पेलने पाडला. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे तिसऱ्या पातळीपर्यंतचा मंत्र काउंटरस्पेलने थेट रद्द होतो, फासा टाकायचाच नसतो. २०२४ च्या सुधारित पुस्तकात हे बदललं. ज्याचा मंत्र अडवला त्याने कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या दमाचा, सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा, जमला तर मंत्र टिकतो, आणि तो हुकला तरी स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्रांच्या मोजक्या कोट्यातला एक, वाचतो. मला तर नवा नियमच जास्त आवडतो. पण आम्ही २०१४ वर खेळतो! पहिल्या बैठकीत, सेशन झीरोला, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तोही तिथेच बसला होता. ग्रुपवर तो मेसेज पिन केलेला आहे.

तरी मोबाईल बाहेर निघालाच. "अगं, नवीन नियम बघ ना, मला सेव्ह मिळतो."

चवथीच्या आधीच्या खेळात ह्याच माणसाने ह्याच काउंटरस्पेलने माझ्या पुजाऱ्याचा मंत्र पाडला होता. तेव्हा सेव्हची आठवण झाली नाही. तेव्हा जुनं पुस्तक चाललं. हीलिंग पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध, प्यायचं असलं की ह्याला नवीन नियम हवा, कारण त्यात बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे जोडीच्या छोट्या कृतीत, पिता येतं, जुन्यात पूर्ण ॲक्शन जाते. बेसावध शत्रूवर तुटून पडायचं असलं की जुना हवा, कारण त्यात शत्रूचा पहिला टर्नच वाया जातो. नव्यात त्याला इनिशिएटिव्हला, म्हणजे टर्नचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला, फक्त डिसॲडव्हान्टेज मिळतो, दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा. बाजारात डोळे बघून बांगडे निवडावेत तसे नियम निवडतो हा माणूस. आणि वर मला म्हणतो, तू मनमानी करतेस.

माझ्या चुका दाखवू नका असं मी कधीच म्हटलं नाही. गेल्या महिन्यात माझ्या त्याच चेटकिणीला २६ डॅमेज बसलं आणि मी कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे मार बसल्यावरही चालू मंत्र टिकवायचा, सेव्ह विसरले. आमचा पणजीचा मित्र म्हणाला, "सेव्ह राहिला गं." बस, एवढंच. दहा किंवा अर्धं डॅमेज, जे जास्त तेवढा आकडा लागतो; इथे अर्धं १३, म्हणून १३ चा सेव्ह. टाकला, हुकला, तिचा मंत्र तुटला, पुढे चला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. माझं नुकसान झालं आणि मी ते निमूट घेतलं, कारण तो बरोबर होता. असं सांगणाऱ्याचे मी आभार मानते. पण एकदा निकाल दिल्यावर तेच तेच आठ वेळा बोलणं, बाकीच्यांना "तूच सांग रे" म्हणून साक्षीला ओढणं, इंटरनेटवर कोण काय म्हणतो ते मोठ्याने वाचून दाखवणं, ह्याला चूक दाखवणं म्हणत नाहीत. समोरचा थकेपर्यंत रेटत राहायचं, एवढंच आहे ते.

आणि "मी डीएम, मी म्हणेन ते" असं करणाऱ्यांचीही मला तितकीच चीड आहे. अशा एका टेबलावर मी खेळलेय. तिथे डीएमच्या दोस्ताला एक नियम आणि आम्हाला दुसरा. दोन महिन्यांत सोडलं. म्हणूनच मी माझे निकाल वहीत लिहून ठेवते, सगळ्यांना सारखे लागावेत म्हणून.

आमच्याकडे जत्रेला देवळासमोर रात्रभर नाटक चालतं. कोणी वाक्य विसरला तर प्रॉम्प्टर हळूच शब्द देतो, नाटक पुढे जातं. वाक्य असं का तसं, हे भांडण तालमीत. भरल्या रंगमंचावर नाटक थांबवून कोणी संहिता काढून वाद घातला तर गाव ऐकून घेईल? मग माझ्या टेबलावर का चालवून घ्यायचं?

पण माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझी मावसबहीण बारावीत आहे. चार खेळ झाले, ती जवळजवळ गप्पच असते. काल तिचा चोर माळ्यावर लपला होता. खेळ सुरू व्हायच्या आधी तिने मला आत स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं होतं, "ताई, वरच्या घंटेचा दोर कापला तर ती चेटकिणीवर पडेल?" वहीत चित्र काढून आणलं होतं पोरीने. घंटा, दोर, चेटकीण कुठे उभी असेल, सगळं. फायरबॉलनंतर लगेच तिचाच टर्न होता. ३५ मिनिटं ती वही मांडीवर धरून बसली. दोघं मोठ्या आवाजात भांडत होते, त्यातली एक मी. शेवटी तिच्यापर्यंत आलो तेव्हा पणजीवाले पिशव्या भरायला लागले होते. ती म्हणाली, "मी नुसता बाण मारते." वही मिटली.

तो बाण लागला की हुकला ते माझ्या लक्षातही नाही.

आज सकाळी त्याचा मेसेज आला, काउंटरस्पेलवरच्या आणखी एका चर्चेची लिंक. मी उत्तर लिहिलंय: तुझा सेव्ह नाही म्हणजे नाही. पुढच्या वेळी बोलायचं असेल तर खेळ संपल्यावर, माझ्या अंगणात, वाटेल तितका वेळ. खेळ चालू असताना एक वाक्य बोल, मी निकाल देईन, तो त्या दिवसापुरता पक्का. चुकला असेल तर पुढच्या खेळाआधी सगळ्यांसमोर बदलीन. हे मान्य नसेल तर येऊ नकोस.

मावसबहिणीला मी फोन केला. तो बाण मी धरत नाहीये. पुढचा खेळ तिच्याच टर्नपासून सुरू होईल, दोर अजून शाबूत आहे. म्हणाली, बघते.