भुताच्या गोष्टी सांगणारी बाई

आज एका जाणकारांनी माझं अर्धवट पोर्ट्रेट बघून विचारलं, "कोण या?" म्हटलं, घोस्ट टूरची गाईड. तर हसले. "असले गमतीचे विषय स्केचबुकात ठीक. तेलरंग कशाला वाया घालवताय?"

तिथे गप्प बसले. घरी आल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

म्हणजे कोट घालून खुर्चीत बसलेला साहेब असता तर तो विषय! आणि रोज रात्री अनोळखी घोळका अंधारातून नेणारी, तीच गोष्ट शंभरदा सांगूनही आजच कळल्यासारखी सांगणारी बाई म्हणजे गंमत?

साठीची असेल. काळा झगा, बसलेला घसा, गालात खोकल्याची गोळी. फाशीची गोष्ट रंगात आली की गोळी या गालातून त्या गालात जायची. मग पायऱ्या आल्या. एक आजोबा चाचपडले. हिने वाक्य अर्ध्यात सोडलं, कंदील गुडघ्याखाली नेला आणि ते खाली पोचेपर्यंत तसाच धरून वाकून उभी राहिली. भूत बिचारं ताटकळलं.

बरं, निम्म्या गोष्टी थापा असतील. असू देत. भुतांवर माझाही काडीचा विश्वास नाही.

पण तो चेहरा! खालून उजेड आला की सगळं उलटतं. हनुवटीची खालची बाजू झळाळते, नाकाची सावली वर चढते. घाबरवायला सगळे हेच वापरतात, आणि ही त्याच उजेडात नुसती पायरी बघत होती. त्या खाली वळलेल्या पापण्या मी चार वेळा खरवडल्यात. अंधारासाठी ट्यूबमधला काळा घेतला नाही, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी मिसळलाय. नुसता काळा लावला की भिंत होते. अंबर मँगनीजमुळे लवकर वाळतो, म्हणून अंधार केव्हाच वाळून तयार झाला. उजेडातला टायटॅनियम पांढरा अजून बोटाला लागतोय.

आणि विषय हलका म्हणे! जोसेफ राइट या इंग्रज चित्रकाराने १७६८ साली हवेच्या पंपाचा प्रयोग मेणबत्तीच्या उजेडात रंगवला. त्यातला प्रयोग दाखवणारा तरी काय, बघ्यांपुढे खेळच मांडून उभा आहे. आपल्या चित्रकार हळदणकरांनी बोटांतून झिरपणारा दिव्याचा उजेड जलरंगात पकडला तेव्हा समोर त्यांची स्वतःची मुलगी उभी होती. कुठली महाराणी नव्हे.

असो. चित्रातला तिचा कंदिलाचा हात कच्चा झालाय, असंही ते म्हणाले, ते मात्र खरं. खरा राग बहुतेक त्याचाच आलाय.

कारण तो हात मला नीट आठवतच नाही. कंदिलाची कडी तापत असावी, तिने तिला कसलीशी चिंधी गुंडाळली होती. वाकलेली असताना चिंधीचं एक टोक सुटून लोंबत होतं, एवढं पक्कं. रंग मात्र गेला डोक्यातून. तुमच्यापैकी दोघी त्या रात्री बरोबर होतात. लाल होती का गं ती?